राखणदाराचं बारसं

खांदा कॉलनीत मी भाड्याने खोली शोधत होते, तेव्हा घरमालकांचे प्रश्न मला पाठ झाले होते. लग्न कधी करणार, मासे शिजवणार का, कोण येतं-जातं. या गृहस्थांनी त्यातला एकही विचारला नाही. रो-हाउसच्या खालच्या खोलीत मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “आमच्या वायफायला तुमच्या वस्तू किती जोडणार?”

“एक लॅपटॉप, एक फोन.”

“मनगटावरचं घड्याळ?”

“ते साधं आहे. किल्ली द्यावी लागते. बाबांचं होतं.”

हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. उठून त्यांनी स्वतःच्या हाताने चहा करून आणला, आणि वरची खोली कधीपासून हवी ते विचारलं. ती खोली मला बाबांच्या घड्याळामुळे मिळाली असं मी अजूनही मानते.

गल्लीतले सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, अगदी लग्नाला जाताना इस्त्रीच्या शर्टालाही. राउटर देवघराच्या फळीवर होता, देवांपासून वीतभर अंतर राखून. रोज सकाळी पूजा आटपली की ते कोरड्या फडक्याने राउटर पुसत आणि मग फोनवर त्याचं ॲप उघडून हजेरी घेत. हजेरी म्हणजे अगदी शाळेतली हजेरी. राउटरला त्या घडीला काय काय जोडलेलं आहे याची यादी ॲपमध्ये दिसते. ती ते लाल पुठ्ठ्याच्या एका वहीशी ताडून बघत आणि बरोबरच्या खुणा करत. रविवारी मी फोन बंद करून लोळत पडले, तर जिन्यातून हाक यायची, “चुळबुळी गैरहजर आहे. तब्येत बरी आहे ना?”

चुळबुळी हे माझ्या फोनचं नाव. त्या घरात नाव असल्याशिवाय कुठल्याही वस्तूला प्रवेश नव्हता, आणि नाव नुसतं टाइप करून भागत नसे. त्याचं बारसं व्हायचं. मी राहायला आले त्याच दिवशी पाटावर जुन्या साडीची घडी ठेवून त्यावर माझा लॅपटॉप ठेवला गेला. “तुम्ही आत्या,” काका म्हणाले. मी वाकून लॅपटॉपच्या कडेशी तोंड नेलं, “कष्टाळू” म्हटलं आणि कुर्र केलं. आत्याच्या पाठीत धपाटा घालायला बायका नव्हत्या, तेव्हा काकांनी भिंतीवर एक थाप मारून घेतली. मग घुगऱ्या. त्या त्यांनी स्वतः शिजवल्या होत्या आणि निम्मे हरभरे दाताखाली कडकड वाजत होते. टीव्हीचं नाव बडबड्या होतं, प्रिंटरचं रुसूबाई. त्यांच्या स्वतःच्या फोनचं नाव ‘मीच’.

“हा पोरखेळ कशासाठी?” मी एकदा विचारलंच.

“यादीत नुसती अक्षरं आणि आकडे येतात,” ते म्हणाले. “त्या वेषात कोण आत शिरलं, तुम्ही ओळखाल? घरच्या सगळ्यांना नाव दिलं, की ज्याला नाव नाही तो परका. एका नजरेत कळतो.”

मला हसू आलं होतं, पण नंतर विचार केला तर गोष्ट खरी होती. मी एका मालवाहतूक कंपनीसाठी घरून काम करायचे. आमच्या कंपनीत सुरक्षिततेवर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, जेवणासकट, आणि त्यात इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं वायफाय होतं. त्याला काका ‘ओटी’ म्हणत. ओटीवर बसलेल्याला घरातलं काही दिसत नाही, त्याने इंटरनेट वापरावं आणि उठून जावं. एकदा शेजारच्या चाचांचं नेट बंद पडलं. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला, आणि तिकडे त्याला मुलगी झाली होती. चाचा फोन हातात धरून धावत आले. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडून फोन कुणाचा, कुठला, कधी घेतला ते विचारू लागले. चाचा शांतपणे म्हणाले, “बाबा, निकाहच्या वक्ताला काझीने पण मला इतके सवाल केले नव्हते.” काकांनी पुढचे दोन प्रश्न गाळले. नात पडद्यावर दिसल्यावर चाचांपेक्षा तेच जास्त वेळ बघत बसले.

माणूस मुळात संशयी नव्हता, हे मला हळूहळू कळत गेलं. कुतूहलच होतं मला, की एवढी पाळत हा माणूस ठेवतो कशासाठी. एका दुपारी त्यांनी आपणहून सांगितलं. नोकरीत लाइन तपासताना त्यांना लोकांचं बोलणं कानावर पडायचं. कुणी रडत असायचं, कुणी लग्न मोडत असायचं. “इच्छा नसताना ऐकलंय हो मी,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या घरात कान घालणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे. कुणाला वाटतं, आपल्या घराला भिंती आहेत. तारेला कुठली भिंत?” हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता, आणि नजर आतल्या पलंगाकडे होती.

पलंगावर काकू. मी यायच्या वर्षभर आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणंही. माझ्या वेळेपर्यंत तीन शब्द परत आले होते. ‘हो’, ‘पुरे’ आणि ‘अगं’. ‘हो’ डॉक्टरांसाठी, ‘पुरे’ जेवणासाठी. ‘अगं’ मला आणि हिराला, म्हणजे सुकापूरच्या पलीकडच्या वाडीवरून येणाऱ्या बाईला. काकांना हाक मारायचा शब्द आला नव्हता. चाळीस वर्षं त्या ‘अहो’ म्हणत आल्या होत्या. काका त्यांच्यासमोर उगाच खुडबूड करत, भांडं पाडत, दोनदा खोकत, आणि काकू नुसत्या बघत राहत. “माझा शब्द अजून वाटेत आहे,” असं ते हसून म्हणत. हसू नीट जमत नसे.

हिरा काकूंजवळ दुपारभर असायची. भाजी, औषधं, बँक असं काही निघालं तरी एरवी काका बाहेर पडत नसत. त्यांची बाहेरची सगळी कामं दुपारी तीन ते पाच, हिरा असताना. तेवढ्या वेळात आपल्याला काकू दिसाव्यात म्हणून त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा कॅमेरा बसवला. त्याचं बारसं मी पाहिलं आहे. नाव ठेवलं ‘राखणदार’. आपल्याकडे गावाच्या वेशीवरचा राखणदार देव असतो ना, तो. नारळही फोडला. त्या दिवशी घुगऱ्या नीट शिजल्या होत्या, आणि काकू अर्ध्या तोंडाने हसल्या होत्या.

हिरा मात्र हसली नाही. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “ह्यो रातंदिस बगनार?”

“आपलाच आहे तो,” काका म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी हजेरीत गडबड सुरू झाली. दुपारी ओटीवर एक बिननावाची वस्तू यायची. काकांनी तिला अडवलं की दुसऱ्या दिवशी दुसरी. पंधरवड्यात अकरा परके. हिराच्या हाती तेव्हाच आलेल्या फोनचं बारसं काकांनी केलं होतं, तिच्याच नावाने, पण तो फोन दुसऱ्या दिवशी यादीत सापडेना. शिवाय घरातून बाहेर जाणारा डेटा वाढत चालला होता. मी आणि काका मिळून तेवढं वापरत नव्हतो. आणि तिसरी गोष्ट, रोज दुपारी अर्धा तास राखणदारातून काळोख दिसायचा. काकांनी बाजारातून फोनवर बघितलं की सगळं काळं. हिरा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकत होती.

काकांनी तिला विचारलं. मी तिथेच होते.

“तुझे फोन किती?”

“येकच हाय काका. दुसरा कुटून आनू?”

“यादीत अकरा दिसतात.”

“यादी खोटी असंल.”

“पासवर्ड वाडीवर कुणाला दिलास? माझ्या मागे कोण येतं इथे?”

“कोन नाय येत.”

“मग टॉवेल कशाला टाकतेस?”

हिराने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकूंकडे. “ते मी नाय सांगनार पुरुषमानसाला,” ती म्हणाली.

काकांना तेवढं पुरलं. यादी खोटी असू शकते हे त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं, माणूस मात्र खोटं असू शकत होतं. त्यांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही विश्वासाची बाई नाही. घरात चोर आणत होती.”

मी काय केलं? मी गप्प बसले. माझी खोली त्यांची, वायफाय त्यांचं, आणि मनात कुठेतरी मलाही वाटलं की अकरा म्हणजे जरा जास्तच. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी तोंड भिंतीकडे केलं. दुसरी बाई आली, तिच्या हातून त्या खाईनात. मी भरवायला गेले तर दोन घास, मग ‘पुरे’. तिसऱ्या दिवसानंतर ‘पुरे’ही म्हणेनात, नुसते ओठ मिटून घेत. ‘अगं’ तर गेलाच. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, असंच चाललं तर मिळवलेलं सगळं परत जाईल, आणि एकदा गेलं की पुन्हा यायची खात्री मी देणार नाही. काका त्या आठवड्यात दिसायला म्हातारे झाले. आणि तरीही सकाळी हजेरी घेऊन मला सांगत, “बघा, परके यायचे थांबले. माझं चुकलं नव्हतं.”

परके थांबले होते, हे खरं. पण बाहेर जाणारा डेटा तेवढाच होता. माझ्या कामाच्या कॉलवर माणसं अर्ध्या वाक्यात गोठायची, म्हणून मी एका सकाळी काकांकडे तक्रार घेऊन गेले. दोघांनी ॲप उघडलं. प्रत्येक वस्तूच्या नावापुढे एक कळ असते. ती चालू असेल तर राउटर त्या वस्तूवर लक्ष ठेवतो, ती कुणाशी बोलते, तिच्याशी बाहेरून कोण बोलतं ते तपासतो आणि काही खटकलं तर कळवतो. सगळ्या कळा चालू होत्या. एकच बंद. राखणदाराची.

“ही बंद का?”

“तो बसवला त्या पहिल्या आठवड्यात त्याच्याबद्दल सारख्या सूचना यायच्या,” काका म्हणाले. “म्हटलं, राउटरला अजून घरचं माणूस ओळखू येत नाही. बारसं झालेल्या वस्तूची झडती कशाला?”

मी म्हटलं, “चालू करून तर बघू.” ते तयार होईनात. मी प्रथमच त्या घरात आवाज चढवला. “काकू आठ दिवस जेवल्या नाहीयेत, काका.” त्यांनी कळ सरकवली.

चहा थंड व्हायच्या आत पहिली सूचना आली. मग दुसरी. अर्ध्या तासात सात. बाहेरून कुणीतरी राखणदारात शिरत होतं, पासवर्ड टाकून, राजरोस. पासवर्ड कुठला? कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापून आला होता तोच. राउटरचा पासवर्ड दर महिन्याला बदलणाऱ्या या माणसाने कॅमेऱ्याचं नाव ठेवलं, नारळ फोडला, आणि त्याचं कुलूप बदलायचं राहून गेलं. कुंपणच शेत खात होतं, आणि खाऊ नको म्हणून ओरडणाऱ्या राउटरला काकांनीच गप्प केलं होतं.

त्यांनी कॅमेऱ्याची वायर उपटली. मग स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, “कधीपासून बघत असेल तो?”

“पहिल्या आठवड्यापासून असेल.”

“हिला?”

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या बोलण्यापासून कान आवरून घेतले, त्याच्या बायकोच्या खोलीत कुणी अनोळखी माणूस महिनोन्‌महिने डोळे लावून बसला होता. काकूंचं अंग पुसणं, कपडे बदलणं, सगळं त्याच खोलीत.

कॅमेऱ्यात एक लहानसं कार्ड असतं, त्यात मागचं साठून राहतं. मी ते माझ्या लॅपटॉपला लावलं. दुपारचं काढून बघू लागलो. तीन वाजतात, काका चपला घालून बाहेर पडतात, हिरा दार लावते, बादली आणते. मग टॉवेल घेऊन कॅमेऱ्याकडे येते आणि चित्र काळं होतं. आवाज मात्र येत राहतो.

“थांबा काकू, आदी ह्याचे डोले झाकते. मंग पुसू.”

दुसरा दिवस काढला. काळं. तिसरा, चौथा. सगळे काळे. पाण्याचा आवाज, हिराच्या फोनवर कुणाच्या तरी हळदीची गाणी, आणि मध्ये मध्ये तिची शिकवणी. “म्हना काकू. अ. हो. काका आले की म्हनायचा. अ. हो.” मग काकूंचा आवाज, खणखणीत, “पुरे.” आणि दोघींचं हसणं.

काकांनी तेवढा तुकडा चारदा ऐकला. मग चष्मा काढून शर्टाने पुसत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी होते हे ऐकून होते, पण ती देताना मी शेजारी उभी होते, हे मला त्या दिवशी नीट टोचलं.

पोलिसांत तक्रार द्यायला ते दुसऱ्या दिवशी गेले. त्या दिवशी मात्र आम्ही रिक्षा करून आधी वाडीवर गेलो. सुकापूर सोडलं की इमारती विरळ होतात आणि डोंगराच्या पायथ्याशी वीस-पंचवीस घरं लागतात. हिरा नुकतीच वीटभट्टीवरून आली होती, हातापायांना लाल माती. तिने आम्हाला बसायला पोतं अंथरलं आणि स्वतः उभी राहिली.

मी तिचा फोन मागून घेतला. जुना, दुसऱ्याने वापरून दिलेला. माझी शंका खरी निघाली. काही फोनांत अशी सोय असते, की ते वायफायला दर वेळी नवा पत्ता सांगतात, कुणी माग काढू नये म्हणून. या फोनच्या आधीच्या मालकाने ती चालू करून ठेवली होती. अकरा परके म्हणजे हिराचा एक फोन, अकरा वेळा. मी काकांना ते पडद्यावर दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि मग हिराला राउटर, पत्ते, कॅमेऱ्याचा पासवर्ड असं सगळं पहिल्यापासून समजावू लागले. ते चांगली दहा मिनिटं बोलले.

“मना त्यातला काय कळत नाय,” ती शेवटी म्हणाली. “त्या डब्यातून कोन बगत व्हता?”

“कळलं नाही. पण तू होतीस तोवर त्याला नको ते काही दिसलं नाही, हिरा. तुझ्या टॉवेलमुळे.”

“काकू जेवतान का?”

काकांनी मान खाली घातली.

तिने हातांची माती पदराला पुसली. मग म्हणाली, “मी येईन. पन तुमी मना चोर बोललात ते काकूंच्या समोर बोललात. इथं माफी मागून काय फायदा? तिथं सांगा. मी दारात हुबी ऱ्हाते, तुमी आत जाऊन सांगा.”

तसंच झालं. हिरा उंबऱ्याबाहेर, मी तिच्या मागे. काका पलंगाशी गेले. काकूंचं तोंड भिंतीकडेच होतं. काकांनी हात जोडले नाहीत की आवाज कातर केला नाही. खात्यात साहेबापुढे चुकीची कबुली द्यावी तसे सरळ उभे राहिले आणि एकेक गोष्ट सांगत गेले. कॅमेरा मी आणला. त्याचं कुलूप मी बदललं नाही. सूचना आल्या त्या मी बंद केल्या. हिराला मी चोर म्हटलं, ते खोटं होतं. तिने तुला झाकलं, मी उघडं टाकलं.

काकूंनी मान वळवली. आधी दाराकडे बघितलं, हिराकडे, खूप वेळ. मग नवऱ्याकडे. ओठ एका बाजूने हलायला लागले, थांबले, पुन्हा हलले. काका पुढे वाकले. डावा हात उचलून काकूंनी दाराकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “बाहेर.”

हिरा आत गेली, काका बाहेर आले. दार आतून लोटलं गेलं. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. मी काहीतरी धीराचं बोलायला शोधत होते. आतून ताटलीचा आवाज आला, मग हिराचा, मग काकूंचा, ‘अगं’.

काकांनी माझ्या दंडाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“मला म्हणाली,” ते म्हणाले. “ऐकलंत ना तुम्ही? मलाच म्हणाली. आणि जरासुद्धा खरखर नव्हती.”